बंदुकीच्या नळीतली दारू

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातून एक जनाजा उठला. मुलगा बावीस वर्षांचा. सातवी ते दहावी तो माझ्या वर्गात होता. अक्षर देखणं, मराठीच्या पुस्तकातली कविता चालीवर म्हणायचा. कब्रस्तानातून परतताना जो तो एकमेकांना सांगत होता, "अटॅक आया." मीही मान हलवली. बावीस वर्षांच्या पोराला अटॅक कसा आला हे कोणी कोणाला विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मालेगावकडे तिला 'कुत्ता गोळी' म्हणतात, आमच्याकडे 'बटन'. झोपेच्या, बेचैनीच्या गोळ्या आणि त्यावर खोकल्याच्या औषधाची बाटली. रात्री जेवून झोपला. फजरला अम्मी उठवायला गेली तर अंग गार पडलेलं.

त्याच्या दोन वर्षं आधी त्याचे अब्बा माझ्याकडे आले होते. पोरगा दिवसा झोपतो, रात्री भटकतो, घरातली भांडी विकतो, असं सांगत होते. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकच पालुपद, "मास्टरसाब, हमारा बच्चा शराब को हात नै लगाता. वो तो गोलियां हैं, डॉक्टर लोगां ही तो देते." मी त्यांना जो सल्ला दिला तो आज इथे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मोबाईल काढून घ्या, दोस्त तोडा, महिनाभर घराबाहेर सोडू नका, असं मी म्हणालो. त्यांनी तसंच केलं. माडीवरच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी लावली. तिसऱ्या दिवशी पोराला झटके आले, तोंडाला फेस आला. दवाखान्यात नेऊन आणलं, पुन्हा कडी. आणि एवढ्या पहाऱ्यातही गोळ्या पोचत होत्या. त्याचा मामेभाऊ खिडकीतून पॉवर बँकेचं रिकामं खोकं द्यायचा. ते रिकामं नसायचं.

दफनविधीनंतर दोन-तीन दिवसांनी ते खोक्याचं कळलं, आणि मला एक जुनी बंदूक आठवली.

आमच्या शाळेत शिक्षक कमी, म्हणून मराठीबरोबर इतिहासाचे तासही माझ्याच गळ्यात. जहांगीर शिकवताना आम्ही काय शिकवतो? न्यायाची साखळी, नूरजहान, चित्रकला, टॉमस रो. परीक्षेत तेवढंच येतं. पण जहांगीरने स्वतःच्या हाताने लिहिलेलं 'तुझुक-इ-जहांगिरी' उघडून पाहिलं तर त्यात एका घराण्याच्या नशेची अशी कैफियत सापडते, की आजच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या कागदपत्रांशी ताडून पाहावी.

इथे थोडं थांबून एक गोष्ट बोलतो. मोगलांवर काही लिहिलं की दोन्हीकडून दगड येतात. एका बाजूचे म्हणतील, बघा, तुमचे बादशहा दारुडे. दुसऱ्या बाजूचे, म्हणजे आपलेच, म्हणतील, घरातली धुणी चव्हाट्यावर का धुता? पहिल्यांना एवढंच सांगतो की त्या काळात अफू आणि दारू कोणत्या एका दरबाराची मिरास नव्हती. राजपूत सरदारांच्या बैठकीत अफूचा कसुंबा पाहुण्याला ओंजळीतून पाजायची रीत होती, आणि इंग्रज वकील टॉमस रो याच्या सामानातही दारूच्या बाटल्या होत्याच. दुसऱ्यांना काय सांगायचं ते पुढच्या मजकुरात येईलच.

सुरुवात काबूलहून करू. अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा मुहंमद हकीम तिथला राजा होता. १५८५ साली तो दारूने गेला, तिशीच्या आसपास. त्याच्या मागे काबूलचा कारभार लावण्यासाठी आणि युसुफझई टोळ्यांना आवरण्यासाठी अकबराची छावणी सिंधूकाठी अटकेला पडली. शहजादा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, बरोबर होता. एक दिवस शिकारीत फार फिरणं झालं, अंग आंबलं. तेव्हा उस्ताद शाहकुली नावाचा तोफखान्यातला माणूस म्हणाला, एक पेला घ्या, थकवा पळून जाईल. जहांगीर लिहितो की तोपर्यंत त्याने दारू घेतली नव्हती; लहानपणी खोकल्यावर औषध म्हणून दोन-तीनदा गुलाबपाण्यात मिसळून चाटवली होती तेवढीच. हकीम अलीच्या घरून एका लहान बाटलीत दीड पेला पिवळसर, गोड दारू आली. प्यायला, बरं वाटलं. त्याच्या हिशोबाने तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

हा उस्ताद शाहकुली कोणाच्या पदरचा होता? त्याच मिर्झा हकीमच्या. ज्याचा धनी नुकताच दारूने मेला होता, तोच माणूस पुतण्याला पहिला पेला सुचवतो. यात कट नव्हता, वैर नव्हतं. थकलेल्या पोराला बरं वाटावं म्हणून त्याने सांगितलं. पहिला पेला बहुतेकदा असाच येतो, मायेने येतो. माझ्या विद्यार्थ्याला पहिली गोळी कोणी दिली ते नंतर कळलं. दहावीच्या परीक्षेच्या आधी झोप लागत नाही म्हणून घरातल्याच मोठ्या माणसाने आपल्या पाकिटातली अर्धी मोडून दिली होती.

पुढचा हिशोब जहांगीर वाण्याच्या चोपडीसारखा मांडतो. दारू रोज वाढत गेली. मग द्राक्षाची दारू चढेनाशी झाली, तेव्हा गाळलेल्या अर्कावर आला. नऊ वर्षांत मजल गेली दुहेरी गाळलेल्या अर्काच्या वीस पेल्यांपर्यंत. चौदा दिवसा, सहा रात्री. वजन सांगतो सहा हिंदुस्थानी शेर. जेवण म्हणजे एखादी कोंबडी, रोटी आणि मुळा. हात इतके थरथरायचे की पेला धरता येत नसे. दुसऱ्यांनी धरून पाजावा लागे. वयाची तिशी यायची होती.

जी दारू काल चढत होती ती आज का चढत नाही, याला डॉक्टर सहनशक्ती वाढणं म्हणतात. शरीर त्या विषाशी जुळवून घेतं, आणि जुळवून घेतलं की तेवढ्याने भागत नाही. काही दिवसांनी मजेचा प्रश्नच उरत नाही. हात थरथरू नयेत, घाम सुटू नये, नुसतं माणसासारखं उभं राहता यावं म्हणून घ्यावी लागते. अर्ध्या गोळीवरून दहा-बारा गोळ्यांवर गेलेली पोरं आमच्या तालुक्यात आहेत. ती सगळी बेशरम आहेत असं म्हणणं सोपं आहे. जहांगीरसमोर तर साम्राज्याची गादी होती, आणि तरी हात थरथरतच होते.

अखेर हकीम हुमाम बोलला. अकबराच्या दरबारातला नावाजलेला वैद्य, हकीम अबुल फत्हचा भाऊ. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं, की असंच चाललं तर, खुदा न करो, सहा महिन्यांत गोष्ट इलाजाच्या पलीकडे जाईल. शहजाद्याला हे ऐकवायला छाती लागते. जहांगीर लिहितो की जीव प्यारा असतो, म्हणून ते बोलणं लागलं. त्याने दारू एका रात्रीत फेकली नाही. अर्कात द्राक्षाची दारू मिसळायला सुरुवात केली, दोन भाग ती आणि एक भाग अर्क, आणि रोज थोडी थोडी कमी करत गेला. वीस पेल्यांवरून सहा पेल्यांवर यायला त्याला सात वर्षं लागली. सात वर्षं!

पण ही गोष्ट इथे गोड करून संपवता येत नाही. कारण दारू कमी करताना त्याने 'फिलुनिया' नावाचं एक मिश्रण धरलं, ज्यात अफू असे. पुढे फिलुनियाची जागा निव्वळ अफूने घेतली. १६१६ च्या जानेवारीत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तो लिहितो: दिवसाच्या पाच घटका गेल्यावर आठ सुर्ख अफू, रात्रीच्या एका प्रहरानंतर सहा सुर्ख. सुर्ख म्हणजे आपली गुंज. चौदा गुंजा म्हणजे आजच्या मापाने पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, रोज, आणि वर सहा पेले दारू. दार बदललं, घर तेच राहिलं.

हे दार बदलणं त्या घराण्यात जुनं होतं. पणजोबा बाबराची तौबा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. १५२७ च्या फेब्रुवारीत, राणा सांगाशी खानव्याची लढाई व्हायच्या आधी, त्याने दारू सोडली. सोन्याचांदीचे पेले फोडून गरिबांत वाटले, गझनीहून उंटांवरून आलेल्या दारूत मीठ टाकून तिचा सिरका केला. त्याच्याबरोबर तीनशेच्या आसपास लोकांनी तौबा केली. मुलांना शिकवायला फार देखणा प्रसंग आहे, आणि मी तो रंगवून शिकवत आलो. बाबराने ती शपथ पाळली, हेही खरं. दोन वर्षांनी एका मित्राला पत्र लिहिताना तो कबूल करतो की दारूच्या आठवणीने कधीकधी रडायला यायचं. एवढा प्रामाणिक माणूस. पण त्याचीच रोजनिशी पुढे वाचत गेलं की होडीतून जाताना माजून खाल्ल्याच्या नोंदी सापडतात, तौबेनंतरच्या. माजून म्हणजे अफू-भांग वगैरे घालून केलेला नशेचा पाक. दारूची शपथ होती, माजूनची नव्हती! आणि त्याचा मुलगा हुमायून अफूच्या इतका आहारी गेला की बाबराचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुघलतने आपल्या इतिहासात त्याबद्दल हळहळ नोंदवून ठेवली.

"हमारा बच्चा शराब को हात नै लगाता." पाचशे वर्षं जुनं वाक्य आहे हे.

आपल्या घरांत दारूची जी चीड आहे ती मोलाची आहे, मी ती कमी लेखत नाही. तिने कित्येक घरं वाचवली. पण त्या चिडीत एक खाच राहून गेली. बाटलीला वास असतो, गोळीला नसतो. बाटली लपवावी लागते, गोळी दवाखान्याच्या चिठ्ठीसकट उशाशी ठेवता येते. गुटखा तर मशिदीच्या पायरीवर बसून खातात. खरं म्हणजे दीनमध्ये ही खाच ठेवलेलीच नाही. नशा आणणारी प्रत्येक वस्तू दारूच्याच खात्यात धरावी, आणि जी जास्त घेतल्यावर नशा आणते ती थोडीही घेऊ नये, असं सांगणाऱ्या हदीस मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असतात. खाच आपण पाडली, आपल्या सोयीने. इलाज म्हणून डॉक्टरने मोजून दिलेलं औषध वेगळं. त्याच गोळीची पट्टी चिठ्ठीशिवाय चौकात पन्नास-शंभराला मिळते ती वेगळी. हा फरक मौलाना जुम्म्याच्या बयानात सांगतील तर माझ्या दहा तासांपेक्षा जास्त काम होईल.

आता त्या बंदुकीकडे येतो. त्यासाठी आपल्याच मुलखात यावं लागेल.

जहांगीरला दोन धाकटे भाऊ होते, मुराद आणि दानियाल. दोघांनाही अकबराने दख्खनच्या मोहिमेवर पाठवलं आणि दोघेही इथेच दारूने संपले. मुराद १५९५-९६ मध्ये चांदबीबीच्या अहमदनगरला वेढा घालून बसला होता. सरदारांशी पटत नव्हतं, वेढ्याला हवं तसं यश नव्हतं, आणि त्यात रुस्तम नावाचा लहान मुलगा दगावला. त्यानंतर पिणं आणखी वाढलं, झटके येऊ लागले. दुखणं तो लपवत राहिला. बापाला कळलं तेव्हा अकबराने अबुल फजलला त्याला घेऊन यायला धाडलं. १५९९ च्या मे महिन्यात अबुल फजल पूर्णेकाठच्या छावणीत पोचला, आणि त्याच सुमारास मुरादने प्राण सोडला. जहांगीर ठिकाण सांगतो जालनापूरच्या आसपास. म्हणजे आपलं जालना. तिशी गाठली नव्हती. मी याच जिल्ह्यातला. एस. टी.ने पूर्णेचा पूल शेकडो वेळा ओलांडला, पण हे मला माहीत नव्हतं. आमच्या पुस्तकात मुराद एका ओळीत येतो आणि त्या ओळीत दारू नाही.

दानियालची गोष्ट जास्त जिव्हारी लागते, कारण तो गोड माणूस होता. अजमेरच्या दर्ग्याच्या एका खादिमाच्या घरी १५७२ साली त्याचा जन्म झाला, त्या खादिमाचंच नाव त्याला ठेवलं. गाण्याचा शौकीन, हिंदवीत कविता करायचा. १६०० साली अहमदनगर त्याच्या नेतृत्वाखाली पडलं. खानदेशाला त्याच्या नावावरून काही काळ 'दानदेश' म्हणत. १६०४ मध्ये विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं ते गोदाकाठी पैठणला. इतिहासकार फरिश्ता नवरीच्या लवाजम्याबरोबर आला होता. तिला आणायला मोगलांकडून गेला होता असद बेग, आणि विजापुराहून परतताना त्याने अकबरासाठी एक नवलाची वस्तू नेली, तंबाखू आणि रत्नजडित हुक्का. अकबराने दोन-तीन झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, की ज्या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काहीच लिहिलेलं नाही ती बादशहाला कशी देऊ? अकबराने लावून घेतली नाही, पण दरबारात ती पसरलीच. १६१७ मध्ये जहांगीरला तंबाखूवर बंदीचं फर्मान काढावं लागलं. त्या बंदीचं काय झालं ते आपल्या खिशातल्या पुड्या सांगतातच.

असो. दानियाल बुऱ्हाणपूरला होता आणि वीस पेल्यांच्या रस्त्यावर होता. एक मुलगा दारूने गेलेला, दुसरा जाताना दिसतोय, म्हातारा अकबर आग्र्याहून फर्मानावर फर्मानं पाठवत होता. शेवटी दानियालचा सासरा खानखानान अब्दुर्रहीम याच्यावर जबाबदारी आली. हाच तो रहीम, ज्याचे दोहे हिंदीच्या पुस्तकात असतात. त्याने पहारे बसवले. दारूचा थेंब आत जाणार नाही असा बंदोबस्त केला.

दानियाल रडला, भेकला, हातापाया पडला. कसंही करून आणा म्हणाला. त्याच्या सेवेत मुर्शिद कुली नावाचा बंदूकची होता. शहजाद्याची एक लाडकी बंदूक होती, तिला त्याने स्वतः 'यक्का-ओ-जनाजा' असं नाव ठेवलं होतं. जिची गोळी लागली की थेट जनाजाच, अशा अर्थाचं. तो म्हणाला, यातून आण. बक्षिसाच्या आशेने मुर्शिद कुलीने दुहेरी गाळलेला अर्क त्या बंदुकीच्या नळीत भरला. नळी दारूगोळ्याने आणि गंजाने माखलेली होती. तो गंज अर्कात उतरला. दानियालने तो प्याला, अंथरुणाला खिळला आणि गेला. वयाचं तेहेतिसावं वर्ष. १६०५ साल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अकबरही गेला. नव्या बादशहाने भावाच्या मृत्यूची ही हकीकत काही न लपवता लिहून ठेवली. "अटॅक आया" असं लिहिलं नाही.

पॉवर बँकेचं खोकं आणि बंदुकीची नळी. चारशे वर्षांत तस्करीची अक्कल फारशी बदललेली नाही. पण त्या रात्री मला खरी टोचणी लागली ती वेगळी. खानखानान मूर्ख नव्हता. त्याने जे केलं तेच मी सुचवलं होतं. बंदोबस्त. आणि बंदोबस्ताच्या बाजूला हकीम नव्हता. मागाहून एका मानसोपचाराच्या डॉक्टरांना मी विचारलं, तेव्हा त्यांनी समजावलं की जो रोज भरपूर दारू पितो किंवा रोज मूठभर झोपेच्या गोळ्या खातो त्याला एकदम तोडलं तर झटके येतात, भास होतात, प्रसंगी जीवही जातो. कमी करायची ती मोजून, देखरेखीखाली. दुसरं असं, की काही दिवस तुटलेल्या शरीराची सवय उतरलेली असते. तो पुन्हा जुन्याच मापाने घेतो आणि श्वास बंद पडतो. त्यातून गोळी आणि अफूच्या जातीचं खोकल्याचं औषध एकत्र आलं, की दोन्ही मिळून श्वास दाबतात. माडीवरची कडी मी सुचवली होती. झटके का आले हे मला दोन वर्षांनी कळलं.

जहांगीर गादीवर बसला आणि त्याने बारा हुकूम काढले. त्यातल्या एकात दारू आणि नशेच्या वस्तू बनवायला-विकायला मनाई आहे. लगेच पुढच्याच वाक्यात तो म्हणतो, मी मात्र अठराव्या वर्षापासून आज अडतिसाव्यापर्यंत पीत आलो आहे! त्याच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी की कपाळाला हात लावावा कळत नाही. आणि ज्या नोंदीत त्याने आपल्या व्यसनाची सगळी कहाणी सांगितली ती नोंद कोणत्या दिवशीची आहे माहीत आहे का? शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, त्याच्या वाढदिवसाच्या तुलेची. खुर्रम चोवीस वर्षांचा झाला तोवर दारूला शिवला नव्हता. त्या दिवशी बापाने आग्रहाने त्याच्या हातात पेला दिला. आता तू मुलाबाळांचा बाप झालास, सणावाराला बेताने घेत जा म्हणाला. दोन भाऊ आणि एक चुलता दारूने मेलेला, स्वतः मरता मरता वाचलेला माणूस. खुर्रमने पुढे १६२१ च्या सुमारास दख्खनच्या स्वारीवर येताना चंबळेच्या पात्रात दारू ओतून दिली आणि भांडी फोडली. त्याचा भाऊ परवेज मात्र १६२६ मध्ये गेला, अति दारूने, आणि तोही बुऱ्हाणपूरलाच.

एक चित्र आहे, शक्य असेल तर शोधून पाहा. इनायत खान नावाचा जहांगीरचा जवळचा माणूस, अफूचा व्यसनी आणि दारूचाही. १६१८ साली तो आग्र्याला जायची परवानगी मागायला पालखीतून दरबारात आला. जहांगीर हादरला. हाडांवर ताणलेली नुसती कातडी, नव्हे, हाडंही विरघळलेली, अशा अर्थाचं लिहितो. मग त्याने काय केलं? चित्रकारांना बोलावलं आणि त्याचं चित्र काढायला सांगितलं. खर्चाला दोन हजार रुपये दिले. दुसऱ्या दिवशी इनायत खान मेला. त्याचं रेखाटन बोस्टनच्या संग्रहालयात आहे आणि रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. तक्क्यांना टेकलेला, छातीच्या फासळ्या मोजता येतील असा, नजर कुठेतरी लांब. त्या दरबारातलं इतकं खरं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. पण मला प्रश्न पडतो तो पाहणाऱ्याचा. जहांगीर स्वतः रोज चौदा गुंजा अफू खात होता, आणि समोरच्या माणसात त्याला नवल दिसलं, आरसा दिसला नाही. आमच्या चौकात पोरं नशेत झुलणाऱ्या एखाद्याचा व्हिडिओ काढतात आणि ग्रुपवर टाकतात, त्याची आठवण झाली.

अफू काय करते हे त्या राज्याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. ग्वाल्हेरच्या किल्ल्यात जे राजबंदी ठेवत त्यांना 'पोस्त' पाजत. खसखशीची बोंडं कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची आणि सकाळी तो मोठा पेला प्याल्याशिवाय खायला द्यायचं नाही. फ्रेंच प्रवासी बर्नियर लिहितो की त्याने माणूस हळूहळू झिजतो, ताकद आणि अक्कल दोन्ही जातात. दारा शुकोहचा मुलगा सुलेमान शुकोह कैद होऊन औरंगजेबासमोर आला तेव्हा त्याने जीव वाचवा असं म्हटलं नाही. मला पोस्त पाजणार असाल तर आत्ताच मारून टाका, असं तो म्हणाल्याचं बर्नियर सांगतो. वचन मिळालं, पण पाळलं गेलं नाही. १६६२ मध्ये तो ग्वाल्हेरात मेला. दिवाणखान्यात जी चैन होती तीच किल्ल्यात शिक्षा होती.

जहांगीरच्या अखेरीबद्दल थोडंच सांगतो. दम्याने बेजार झाल्यावर नूरजहानने त्याची दारू हळूहळू कमी करत आणली. तो स्वतःच तिच्या या शहाणपणाचं कौतुक लिहितो. १६२२ पासून लेखणी धरण्याइतकी ताकद उरली नाही म्हणून आठवणी लिहायचं काम मुतमद खानाकडे गेलं. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना अफूही नकोशी झाली. वाटेत त्याने पेला मागितला. ओठांशी नेला, पण घोट गिळता आला नाही.

मराठी वाचकाला या विषयावर अनिल अवचटांचं 'गर्द' माहीत असतं, आणि १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेलं मुक्तांगणही. आमच्या मोहल्ल्यात मात्र पुणं लांब वाटतं. अंतर फार नाही, पण तिथे गेल्यावर नातेवाइकांना काय सांगायचं, हा प्रश्न मोठा. पोरीचं लग्न ठरायचंय, पोराच्या नावावर डाग नको. सरकारचा १४४४६ हा फुकट नंबर आहे, त्यावर नाव न सांगता बोलता येतं. मी तो वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. दोनदा कोणीतरी पुसला, मी पुन्हा लिहिला.

तो मामेभाऊ, खोकं पोचवणारा, दफनविधीला आला नव्हता. लोक त्याच्या नावाने बोटं मोडत होते, मीही मोडली. महिनाभराने रात्री तो माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "सर, वो रोता था. बोलता था नै लाया तो मर जाऊंगा. मैं क्या करता?" बोलताना त्याचे स्वतःचे हात थरथरत होते. तेव्हा मला कळलं की तोही रोज आठ गोळ्यांवर आहे. मी त्याला कडीत ठेवा म्हणून कोणाला सांगितलं नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्या गोळ्यांच्या जागी मोजून दुसरी गोळी दिली आणि ती दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी उतरवायचं ठरवलं. घरी सगळ्यांना बीपीची म्हणून सांगितलं आहे. ते मला पटत नाही, पण सध्या मी गप्प आहे. मधे एकदा घसरला, चार दिवस आला नाही, मग आपण होऊन आला. डॉक्टर रागावले नाहीत. तारीख पडली की मी अर्धी रजा टाकतो आणि आम्ही दोघं सकाळच्या बसने जातो. पुढच्या मंगळवारी पाव गोळी कमी होणार आहे.